नवा अल्बम येतोय: आधीच पैसे भरायचे, की येऊ द्यायचा?

भाचीचा मेसेज रात्री पावणेबाराला आला. ‘मामा, अल्बम जाहीर झाला!! ऑक्टोबरमध्ये येतोय. हिरवी रेकॉर्ड आहे, फक्त पहिल्या खेपेत. घेऊ का?’ सोबत स्क्रीनशॉट. बँडचं नाव मी मुद्दाम देत नाही. दिलं तर अर्धे वाचक बँड बरा की वाईट यावरच भांडत बसतील. मी तिला एवढंच विचारलं, ‘रेकॉर्ड प्लेअर कधी घेतलास?’ उत्तर आलं, ‘घेईन की पुढेमागे.’

हसू नका. संगीतविक्रीचे आकडे गोळा करणाऱ्या ल्युमिनेट या कंपनीनं २०२३ मध्ये सांगितलं होतं, की अमेरिकेत वर्षभरात रेकॉर्ड विकत घेतलेल्यांपैकी निम्म्याच लोकांकडे ती वाजवायचं यंत्र आहे. बाकीच्यांच्या रेकॉर्डी कपाटात नाहीतर भिंतीवर. तेव्हा पोरगी काही जगावेगळं करत नव्हती. प्रश्न एवढाच, की शिकवण्या घेऊन महिन्याला चारेक हजार मिळवणाऱ्या मुलीनं न ऐकलेल्या अल्बमसाठी चार महिने आधी पैसे भरावेत का. पर्याय तसे चार: रेकॉर्ड, सीडी, बँडकॅम्पवरून (कलावंत जिथे आपली गाणी थेट विकतात ती वेबसाइट) डिजिटल, नाहीतर स्पॉटिफायवर यायची वाट बघणं. चारही प्रकार मी करून बसलोय. काहींचा पस्तावाही झालाय.

हिरवी रेकॉर्ड

आधी पैशाचं बोलू. परदेशी इंडी (मोठ्या कंपनीविना चालणाऱ्या) बँडची एक रेकॉर्ड साधारण २५ ते ३५ डॉलरना पडते. तिथून पुण्याला आणायची तर टपालखर्च कधीकधी रेकॉर्डच्या किमतीला टेकतो, आणि वर कस्टम लागलाच तर तो कुरियरवाला दारात मागतो. म्हणून ‘फक्त तीस डॉलर’ वाचून हुरळू नये, पैसे भरायच्या शेवटच्या पानावरचा आकडा बघावा. आपल्याकडे काही दुकानं रेकॉर्डी आयात करून विकतात. तिथली किंमत आधी चढी वाटते, पण सगळं धरून फरक थोडाच उरतो, आणि माल खराब निघाला तर भांडायला समोर माणूस असतो. हा मुद्दा लहान समजू नका.

दुसरं, वेळ. रेकॉर्ड बनवणं हे अजूनही कारखान्याचं काम आहे. लॅकरचा, म्हणजे वार्निशसारखा, लेप दिलेल्या चकतीवर खाचा कोरायच्या, तिच्यावरून धातूचा साचा काढायचा, आणि साच्यात पीव्हीसीचा गरम गोळा दाबायचा. या लॅकरच्या चकत्या बनवणारे मोठे कारखाने जगात दोनच होते. त्यातला एक, कॅलिफोर्नियात बॅनिंग गावातला अपोलो मास्टर्स, फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला. दुसरा जपानमध्ये. पाठोपाठ कोरोना आला आणि घरात अडकलेल्या माणसांनी रेकॉर्डींवर उड्या टाकल्या. २०२१-२२ मध्ये छोट्या लेबलांच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांच्या, रेकॉर्डी महिनोन्‌महिने रांगेत पडून होत्या. आता ती कोंडी बरीच सुटली आहे, तरी ‘ऑक्टोबर’ म्हणजे ऑक्टोबरच असं धरून चालू नका.

माझी रेकॉर्ड त्याच काळातली. अल्बम ऑगस्टमध्ये ऐकून झाला. सप्टेंबरमध्ये पाठ झाला. डिसेंबरमध्ये मला कळलं, की पहिली तीन गाणी सोडली तर मला तो फारसा आवडलेला नाही. रेकॉर्ड आली पुढच्या वर्षी जूनच्या अखेरीस, धो धो पावसात. खोक्याचा एक कोपरा भिजून मऊ झालेला. आत बाहेरचं कव्हर वरच्या कडेला तीन बोटं उसवलेलं, कारण वाटेत आपटल्यावर जड रेकॉर्डीनं आतूनच ते फाडलं होतं. (याला एक साधा उपाय आहे: रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर वेगळ्या पाकिटात ठेवून पाठवायची. चांगली दुकानं विनंती केली तर तसं करतात.) विकणाऱ्यांना फोटो पाठवला. त्यांनी दोन दिवसांनी पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन पाठवलं. पुढची खरेदी मी तिथे केली नाही. ती रेकॉर्ड मात्र आहे घरात. दर पावसाळ्यात कव्हरवर पांढरी बुरशी धरते, ती मी कोरड्या फडक्यानं पुसतो आणि तेवढ्यापुरती बाहेर काढलीच आहे तर लावतो. पहिली तीन गाणी होईपर्यंत.

मग रेकॉर्ड आधीच का घ्यावी? एक कारण खरंच आहे. छोट्या लेबलला किती प्रती छापायच्या याचा अंदाज आणि छपाईचा पैसा, दोन्ही आगाऊ मागणीतून मिळतात. आणि कधी बँड स्वतःच रेकॉर्डीला मान देतो. २००७ मध्ये रेडिओहेड या ब्रिटिश बँडनं ‘इन रेनबोज’ हा अल्बम स्वतःच्या वेबसाइटवर ‘द्यायचे तेवढे द्या’ म्हणून ठेवला. शून्य टाकलं तरी चालत होतं. गाजावाजा त्याचाच झाला. पण ते डाउनलोड १६० केबीपीएसच्या एमपी३चं होतं, म्हणजे आजच्या मानानं कामचलाऊ. ज्यांनी ४० पौंड मोजून मोठी पेटी मागवली त्यांना दोन रेकॉर्डी, सीडी आणि जादा गाण्यांची आणखी एक सीडी मिळाली. आता त्या दिवसांची आठवण निघाली, की फुकटात घेतलेले लोक तावातावानं बोलतात आणि पेटीवाले गप्प बसून हसतात. अॅनिमल कलेक्टिव्ह या अमेरिकन बँडचा ‘मेरीवेदर पोस्ट पॅव्हिलियन’ तर जानेवारी २००९ मध्ये आधी रेकॉर्डीवर आला, सीडी आणि डिजिटल दोन आठवड्यांनी. असे दिवस परत येणार नाहीत. हल्ली नव्या अल्बमची गाणी जगभर सगळ्यांना शुक्रवारी मिळतात आणि रेकॉर्डवाल्याला त्याचं खोकं मिळेल तेव्हा मिळतं.

माझी कसोटी सोपी आहे. ज्या बँडचा फसलेला अल्बमसुद्धा घरात असलेला मला चालेल, त्यालाच आगाऊ पैसे. असे माझे तीन बँड आहेत. भाचीला मी तिचे किती ते मोजायला सांगितलं. तिनं आधी अकरा सांगितले, रात्रीतून पाचवर आली.

बँडकॅम्प

इथे अल्बम बहुतेक वेळा आठ-दहा डॉलरला पडतो. एमपी३ हवा तर तो, नाहीतर आवाजात काहीच न गाळणारा फ्लॅक. फाइल आपली. उद्या बँडनं स्ट्रीमिंगवरून गाणी काढली तरी आपल्या डिस्कवर ती राहते. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून १५ टक्के घेतं (कलावंताची विक्री वाढली की १० टक्के), पैसे वळते करायचा खर्च वेगळा, उरलेलं कलावंताला किंवा लेबलला. आगाऊ घेतलं तर पैसे त्याच क्षणी कापले जातात, एक-दोन गाणी लगेच मिळतात आणि बाकीची प्रकाशनाच्या दिवशी. म्हणजे वाट बघायची ती इथेही आहे, फक्त खोकं भिजायची भीती नाही.

एक युक्ती मी सगळ्यांना सांगत फिरतो. मार्च २०२० मध्ये कोरोनात कार्यक्रम बंद पडले, तेव्हा बँडकॅम्पनं ‘बँडकॅम्प फ्रायडे’ सुरू केला. त्या दिवशी ते आपला वाटा सोडून देतात. दर महिन्यात नसतो, पण असतो तेव्हा सहसा पहिल्या शुक्रवारी. दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे मोजतात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होऊन शनिवारी दुपारी साडेबारापर्यंत. अनेक जण शुक्रवारी सकाळी घाईघाईनं घेऊन मोकळे होतात आणि नेमका वाटा जातोच.

खटकण्याजोगंही आहे. २०२२ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीनं बँडकॅम्प विकत घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रेडर या दुसऱ्या कंपनीला विकलं, आणि त्या व्यवहारात निम्मे कर्मचारी घरी गेले. तेव्हा फाइल घेतली, की उतरवून ठेवायची. ‘माझ्या खात्यात आहे’ या भरवशावर राहायचं नाही. आणि तिकडे जाण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या. २०२० नंतरच्या कार्डांवर ते बंदच असतात. भाचीचं कार्ड दोनदा नाकारलं गेलं, तेव्हा तिनं दोष बँडला दिला.

स्ट्रीमिंग, आणि दोन ओळी सीडीबद्दल

‘प्री-सेव्ह’ला, म्हणजे अल्बम यायच्या आधीच तो आपल्या यादीत टाकून ठेवायला, पैसे पडत नाहीत. शुक्रवार उजाडला, की अल्बम तुमच्या यादीत आलेला असतो. बँडला पहिल्या दिवसाचे ऐकणारे मिळतात, तुम्हाला आठवण. पण याला ‘बँडला पाठिंबा’ म्हणू नये. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. मोठ्या बँडला हजार म्हणजे चहा गार होण्याआधी होतात. पुण्यातल्या एखाद्या खोलीत गाणी मुद्रित करणाऱ्या चौघांना ते वर्षभरात होतीलच असं नाही.

सीडी स्वस्त, हलकी, टपालात सहसा टिकते, आणि आतलं पुस्तकही वाचायला मिळतं. गाडीत जुना प्लेअर असेल तर डोळे झाकून घ्या.

एक अल्बम मात्र या सगळ्या कोष्टकात बसत नाही. मार्च २०२४ मध्ये सिंडी ली या नावानं गाणाऱ्या कॅनडाच्या पॅट्रिक फ्लेगलनं ‘डायमंड ज्युबिली’ काढला. ३२ गाणी, दोन तास. स्पॉटिफायवर नाही, तेव्हा बँडकॅम्पवरही नाही. यूट्यूबवर एकच सलग लांब फाइल, आणि जुनाट दिसणाऱ्या एका वेबपानावर डाउनलोड, जमल्यास ३० कॅनेडियन डॉलर द्या अशी विनंती. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या साइटनं दहापैकी ९.१ दिले आणि वर्षभर लोक त्यावर वाद घालत राहिले. रेकॉर्ड आणि सीडी नंतर आल्या. प्री-सेव्ह करून बसलेल्यांना इथे काहीच उपयोग नव्हता.

आणि आधी आलेली गाणी ऐकायची का?

खरा वाद इथे आहे, आणि आमच्या चौघा मित्रांत तो दर अल्बमला होतो. बिग थीफ या अमेरिकन बँडच्या २०२२ च्या वीस गाण्यांच्या अल्बममधली सातआठ गाणी आधीच्या सहा महिन्यांत एकेक करून आलेली होती. मी सगळी ऐकली. अल्बम आला त्या दिवशी मला जेवणाआधीच चिवडा खाऊन पोट भरल्यासारखं झालं: ओळखीचं गाणं आलं, की मन पुढे धावायचं आणि नवी गाणी नुसती मधल्या जागा भरतायत असं वाटायचं. त्यातलं एकही सिंगल, म्हणजे असं आधी सुटं आलेलं गाणं, न ऐकलेला मित्र तो अल्बम आजही वर्षातला सर्वोत्तम मानतो. मला तो पटायला आणखी वर्ष लागलं. उलट माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा ‘एम बी व्ही’ फेब्रुवारी २०१३ मध्ये, आधीच्या ‘लव्हलेस’ अल्बमनंतर एकवीस वर्षांनी, आदल्या सिंगलविना रात्रीतून त्यांच्या साइटवर आला. साइट कोसळली. पण गाणी सगळ्यांना एकदमच कोरी मिळाली.

माझा नियम: पहिलं सिंगल ऐकायचं, त्यावर पैशाचा निर्णय घ्यायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. तो पाळणं अवघड आहे, कारण माझा मावसभाऊ ऑकलंडला असतो. तिथे शुक्रवार आपल्या गुरुवारी संध्याकाळीच सुरू होतो, आणि साडेसहाला त्याचा मेसेज येतो: ‘दादा, चौथं गाणं. बास.’

भाचीला मी शेवटी असं सुचवलं: रेकॉर्ड नको, पुढच्या बँडकॅम्प फ्रायडेला डिजिटल घे, आणि वाचलेल्या पैशातून इथल्या एखाद्या बँडच्या कार्यक्रमाचं तिकीट काढ. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचे ‘बिस्मिल्लाह’ (२०१९) आणि ‘बेटा’ (२०२४) यांच्यात पाच वर्षं गेली. तेवढी वाट बघून त्यांना समोर ऐकायला मिळालं, तर टपालखर्च लागत नाही आणि टी-शर्ट हातोहात मिळतो. तिला पटलं, असं ती म्हणाली.

काल दुसरं सिंगल आलं. मी ऐकलेलं नाही. साडेनऊला मेसेज: ‘मामा, काही खास नाही. बरं झालं थांबले.’ नऊ चाळीसला दुसरा: ‘तिसऱ्यांदा ऐकतेय. शेवटचा एक मिनिट!!’ दहाला तिसरा, नुसती लिंक. हिरव्या रेकॉर्डीच्या अकरा प्रती शिल्लक होत्या.