सापाच्या पिल्लासाठीचा तयार संच: काय ठेवावं, काय बदलावं

आधी निकाल सांगतो. संचात थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला उष्णता रोखणारं यंत्र, नसेल तर तो संच अपुरा आहे, आणि बहुतेक संचांत तो नसतोच. खोक्यात साधारण दोन फुटी काचपेटी, जाळीचं झाकण, हीट मॅट (पेटीखाली ठेवायची विजेवर तापणारी पातळ चटई) किंवा दिवा, भिंतीला चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर, एक लपण, पाण्याचं भांडं, भुशाची पिशवी आणि चार पानी माहितीपत्रक एवढं सामान येतं. पेटी, झाकण आणि भांडं कामाचं आहे. बाकी प्रत्येक वस्तू तपासूनच वापरावी लागते. हे परीक्षण कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन यांच्या पिल्लांना समोर ठेवून केलं आहे, कारण नवखे पाळणारे बहुधा याच दोन जातींपासून सुरुवात करतात.

सगळ्यात जास्त बिघडतं ते उष्णतेत. हीट मॅट थेट प्लगला जोडली की ती अखंड तापत राहते, आणि तिच्यावरची काच ४० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जाते. पिल्लू भुसा उकरून थेट काचेवर जाऊन बसतं. खालून लागणाऱ्या चटक्यापासून साप वेळेत बाजूला होतोच असं नाही, म्हणून भाजलेल्या पोटाच्या खवल्यांची तक्रार इतकी नेहमीची आहे. उपाय एकच: मॅट थर्मोस्टॅटवर चालवायची. मॅटसाठी साधा चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट पुरतो, दिव्यासाठी मात्र प्रकाश कमी-जास्त करणारा लागतो. प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटच्या वायरीच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, मॅट आणि काच यांच्या मध्ये पक्का बसवावा. पेटीच्या आत मोकळा सोडला तर पिल्लू तो सरकवतं. मग प्रोब गार हवा मोजत राहतो आणि मॅट तापतच जाते. थर्मोस्टॅट असूनही साप भाजला, तर पहिली शंका इथेच घ्यावी.

मॅटने तळाचा एक तृतीयांश भागच व्यापावा, तोही एका टोकाला. पूर्ण तळ गरम केला तर सापाला गार होण्यासाठी जागाच उरत नाही. पेटीखाली छोटे रबरी पाय लावून हवेला फट ठेवावी, नाहीतर उष्णता अडकून काच तडकू शकते. मॅटच्या वर भुशाचा थर दोन-तीन सेंटिमीटरच ठेवा. त्याहून जाड थरातून ऊब वर पोचत नाही. आकडे असे धरा: कॉर्न स्नेकला गरम टोकाला जमिनीवर २९ ते ३१ अंश आणि गार टोकाला २२ ते २४. बॉल पायथनला गरम टोकाला ३१ ते ३३ आणि गार टोकाला २५ ते २७. पिल्लू घरी येण्याच्या दोन-तीन दिवस आधी सगळं जोडून चालू ठेवा आणि दिवस-रात्रीची नोंद घ्या. पिल्लू आत आल्यावर तापमान जुळवत बसणं म्हणजे त्या घाबरलेल्या जिवावर आणखी ताण टाकणं.

संचातला गोल थर्मामीटर सरळ बाजूला ठेवा. तो भिंतीजवळची हवा मोजतो आणि साप राहतो जमिनीवर. शिवाय अशा काट्यांमध्ये काही अंशांचा फरक पडणं नेहमीचंच. प्रोब असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, एक गरम टोकाच्या काचेवर, एक गार टोकाला. संचात मॅटऐवजी दिवा असेल तर तो जाळीच्या बाहेर, सापाच्या आवाक्याबाहेर हवा. रात्री तो बंद राहिला पाहिजे, कारण सापाला अंधार लागतो. दिव्याने हवा कोरडी पडते हेही लक्षात असू द्या, त्याचा त्रास पुढे कात टाकताना दिसतो.

पेटीचा आकार हा वादाचा मुद्दा आहे. मोठ्या पेटीत पिल्लू जेवत नाही असं सर्रास सांगितलं जातं. आमच्या मते दोष मोकळेपणाचा आहे, आकाराचा नाही. उघड्या बोडक्या पेटीत पिल्लू बिथरतं. तीच पेटी आडोशांनी भरली की ते निर्धास्त होतं. संचात लपण एकच येतं आणि ते बहुधा मोठ्या सापाच्या मापाचं असतं. दोन हवीत, एक गरम टोकाला आणि एक गार टोकाला. नाहीतर सापाला सुरक्षितता आणि योग्य तापमान यांतून एकच निवडावं लागतं, आणि तो सुरक्षितता निवडतो. वेटोळं घातल्यावर अंग सगळीकडून टेकेल इतकं लपण घट्ट असावं, दार एकच. दार कोरून पालथी घातलेली करवंटी या कामाला उत्तम, कडा तेवढ्या घासून घ्या. उरलेल्या जागेत प्लॅस्टिकची पानं, सालींचे तुकडे, कागदाच्या नळ्या भरा.

झाकणाला कुलूपवजा चिमटे नसतील तर संच परत करा. कॉर्न स्नेकचं नवं पिल्लू जेमतेम पेन्सिलीएवढं जाड असतं, आणि जिथून डोकं जातं तिथून अख्खं पिल्लू जातं. वायरसाठी ठेवलेली खाच विसरू नका. पळालेली पिल्लं बहुधा तिथूनच गेलेली असतात.

भुशाची पिशवी उघडण्याआधी त्यावर लाकडाचं नाव वाचा. देवदाराचा भुसा कधीच नको, त्यातली सुगंधी तेलं सापाला घातक असतात. पाइनही टाळा. अस्पेनचा भुसा कॉर्न स्नेकला चांगला, पण ओला झाला की त्याला बुरशी येते. बॉल पायथनला ६० ते ८० टक्के आर्द्रता लागते, म्हणून त्याला नारळाच्या काथ्याचा चुरा बरा. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के पुरते. कुठलाही साप असला तरी पहिले काही आठवडे तळाला साधा पांढरा कागद घालावा असा आमचा आग्रह आहे. विष्ठा, उलटी आणि गोचिडीसारखे बारीक काळे माइट त्यावर लगेच दिसतात. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके बुडालेले दिसले तर ते माइटच समजा आणि सरीसृपांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला गाठा.

माहितीपत्रकात खाण्याचा भाग सर्वांत तोकडा असतो. पहिले पाच ते सात दिवस पिल्लाला हातच लावू नका, फक्त पाणी बदला. त्यानंतर पहिलं खाद्य द्या. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला दोन-तीन ग्रॅमची एक पिंकी (उंदराचं नुकतं जन्मलेलं, बिनकेसांचं पिल्लू), दर पाच ते सात दिवसांनी. बॉल पायथनच्या पिल्लाला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, आठवड्यातून एकदा. गोठवलेली पिंकी रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात गरम करा आणि लांब चिमट्याने पुढे धरा. मायक्रोवेव्ह नको, त्यात ती कुठे शिजते, कुठे गोठलेलीच राहते आणि फुटतेही. नाही घेतली तर मागे लागू नका, पाच-सात दिवस थांबा आणि तोवर तापमान व आडोसे पुन्हा तपासा. खाल्ल्यावर ४८ तास हाताळणी बंद. उलटी झाली तर दहा ते चौदा दिवस पोट रिकामं ठेवा आणि पुढचं खाद्य आधीपेक्षा लहान द्या. लगेच दिलेलं खाद्यही बाहेर येतं आणि पिल्लू खंगत जातं. संचात नसलेली एक वस्तू इथे फार उपयोगी पडते: एका ग्रॅमचाही फरक दाखवणारा वजनकाटा. आठवड्याला एक नोंद पुरे.

पाण्याचं भांडं जड आणि उथळ असेल तर संचातलंच वापरा. पाणी रोज बदला, आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा; सरीसृपांच्या अंगावर साल्मोनेला हा आजार पसरवणारा जिवाणू असू शकतो.

डोळे निळसर-दुधी झाले की कात जवळ आली. तेव्हा खाद्याचा आग्रह धरू नका आणि झाकणाच्या डब्याला भोक पाडून, आत ओलसर स्फॅग्नम शेवाळ घालून तो गरम टोकाजवळ ठेवा. डोळे काही दिवसांनी पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कात निघते. निघालेली कात उलगडून दोन ठिकाणं पाहा: डोळ्यांवरच्या दोन्ही टोप्या (डोळा झाकणारे पारदर्शक खवले) आल्या का आणि शेपटीचं टोक पूर्ण आहे का. टोकावर कातीचं कडं राहिलं तर ते आवळून रक्तपुरवठा तोडतं. ते ओढून काढू नका. पिल्लाला ओलसर शेवाळाच्या डब्यात पुन्हा काही तास राहू द्या. डोळ्यावरची टोपी राहिली असेल तर तिला स्वतः हात लावू नका, ती काढणं पशुवैद्याचं काम आहे.