गोल्फ क्लब मॅनेजमेंटचा ऑनलाइन डिप्लोमा: ११ महिने वापरून झाल्यावर

मागच्या मंगळवारी रात्री पावणेबाराला लॉगिन केलं तर समोर लाल पट्टी. तुमची मुदत संपली, पुढे चालू ठेवायचं तर ९५ पौंड भरा. शेवटची असाइनमेंट द्यायला नऊ दिवस राहिलेत आणि हे आता सांगतायत. माहितीपत्रकात १२ महिने लिहिलंय, मला लॉगिन मिळालं ऑक्टोबरच्या मध्यावर, म्हणजे माझे अजून चार-पाच आठवडे शिल्लक पाहिजेत, पण यांनी दिवस मोजलेत पैसे भरले त्या तारखेपासून. आणि पैसे भरल्यावर लॉगिन पाठवायला पाच आठवडे कोणी लावले, तर यांनीच. सात मेल झाले, दर वेळी वेगळा माणूस उत्तर देतो आणि प्रत्येकजण आधी विद्यार्थी क्रमांक विचारतो जो मेलच्या विषयातच लिहिलेला असतो. म्हटलं डोकं तापलेलं आहे तोवरच लिहून टाकू, नंतर मी उगाच सगळ्यांना समजून घ्यायला लागतो.

संस्थेचं नाव देत नाही, भांडण चालू आहे. विलायतेतली आहे एवढं पुरे. सिलॅबस सगळीकडे साधारण तोच, कोर्स मेंटेनन्स, हँडिकॅपिंग, बार, फायनान्स. मी मूळचा हॉटेल मॅनेजमेंटवाला, आठ वर्षं बँक्वेट केलं, आता तीन वर्षं पुण्यातल्या एका गोल्फ क्लबात असिस्टंट मॅनेजर. अमेरिकेच्या सीएमएए या क्लब मॅनेजरांच्या संस्थेचं सीसीएम हे सर्टिफिकेट करायचं मनात होतं (ही संस्था १९२७ सालची, आपल्या चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाच्याच वयाची), पण त्याला आधी अनुभव, पॉइंट्स, मेंबरशिप, मग परीक्षा, तेवढा दम नव्हता. म्हणून हा डिप्लोमा. फी १,४८० पौंड. अर्धी क्लबाने दिली, दोन वर्षांचा बाँड लिहून घेऊन. उरलेली मी क्रेडिट कार्डाने भरली आणि बँकेने साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप लावून वर त्या मार्कअपवर जीएसटी घेतला, हे मी अजून विसरलेलो नाही.

लाइव्ह सेशन त्यांच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेअकरा. मला पहाटे पाचला गोल्फ कोर्सवर, म्हणजे मैदानावर असावं लागतं. दोन सेशन्स केली, तिसऱ्यात कॅमेरा चालू ठेवून झोपलो, तेव्हापासून फक्त रेकॉर्डिंग.

आता मुद्द्यावर येतो. फ्रॉस्ट.

कोर्स मेंटेनन्सच्या मॉड्यूलमध्ये फ्रॉस्टवर, म्हणजे गवतावर गोठलेल्या दवावर, १४ पानं आहेत. मोजली मी. गवताच्या पात्यातलं पाणी गोठलेलं असताना त्यावर पाय पडला की पेशी फुटतात, मग दोन दिवसांनी तिथे बुटांचे काळपट ठसे उठतात, म्हणून ऊन येईपर्यंत कोर्स उघडायचा नाही. ठीक आहे, समजलं, अर्ध्या पानाचं काम. पण चौदा? आणि मान्सूनवर किती, तर अतिवृष्टी नावाचा एक परिच्छेद, त्यातही सल्ला काय तर ड्रेनेज चांगलं ठेवा. अहो, आपल्याकडे फ्रॉस्ट म्हणजे वेण्णा लेकला दवबिंदू गोठले ही जानेवारीतली बातमी आणि शेजारी निफाडचा पारा. पुण्यात पहाटे मेंबर लोक मफलर गुंडाळून येतात आणि आठ वाजता घाम पुसतात, तिथे मी फ्रॉस्ट पॉलिसी कोणासाठी लिहू?

पण लिहावी लागली. फेब्रुवारीतली असाइनमेंट तीच होती, तुमच्या क्लबासाठी फ्रॉस्ट क्लोजर पॉलिसी. मी चिडून दीड पान लिहिलं, सुरुवातीलाच टाकलं की आमच्याकडे फ्रॉस्ट पडत नाही, पडलंच तर कोर्स बंद ठेवू. १०० पैकी ४८. पास ५० ला. परत द्यायची फी ४० पौंड. परीक्षकाचा शेरा एका ओळीचा होता, बंद ठेवायचं हे ठरवणार कोण ते लिहिलेलं नाही. मी त्या दिवशी घरात जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ४० पौंड भरून चॅप्टरमधलंच उचलून परत दिलं, ६३ मिळाले.

गवताचं पण जरा सांगतो, कारण हा भाग कोणी सांगत नाही. पुस्तकातली निम्मी गवतं थंड हवेतली, बेंटग्रास, फेस्क्यू वगैरे. आमच्याकडे बर्म्युडा, म्हणजे सायनोडॉन, म्हणजे सरळ मराठीत हरळी. गणपतीला वाहतो ती दुर्वा त्याच जातीची, ग्रीनवरची (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरची) हायब्रिड वाणं त्याच घराण्यातली. माझे आजोबा जन्मभर शेतातली हरळी खणत राहिले, आणि त्यांचा नातू तिला साडेतीन मिलिमीटरवर कापायला कोट्यवधीची मशिनं सांभाळतो. ही हरळी उन्हाची भुकेली. जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसला नाही की ती पातळ होते, खाली शेवाळ धरतं, बुरशी येते, आणि नेमकं तेव्हाच जमीन इतकी मऊ असते की मशिन आत घालता येत नाही. यावर एक ओळ नाही अख्ख्या मॉड्यूलमध्ये. जे कळलं ते आमच्या हेड माळी मामांकडून, फुकट.

इथपर्यंत मी या डिप्लोमाला पाचपैकी दीड स्टार देणार होतो. मग जुलै आला.

रविवार, दोन रात्री झोडपून पाऊस पडलेला. सव्वापाचला मामा म्हणाले, "साहेब, आज गाड्या आत घालू नका, सातव्या होलला पार चिखल झालाय." मी ग्रीन्स कमिटीच्या चेअरमनना फोन लावला, बंद. क्लबाच्या कॅप्टनना लावला, ते म्हणाले चालू दे रे, लोक लांबून येतात. मी फोन ठेवून मागे वळेपर्यंत स्टार्टरने (खेळाडूंना पाळीने खेळायला सोडणारा माणूस) पहिला फोरबॉल, म्हणजे चौघांचा गट, दोन कार्टमध्ये बसवून सोडलेला. सातव्याच्या फेअरवेवर (होलच्या मधल्या हिरवळीवर) चाळीस पावलं लांब दोन चाकोऱ्या पडल्या, आज सप्टेंबरमध्येही दिसतात. वरून चूक कोणाची, तर ज्याने त्याने दुसऱ्याची सांगितली. कॅप्टन म्हणाले मला चिखलाचं कोणी बोललंच नाही. आणि खरं आहे, फोनवर मी फक्त पाऊस म्हणालो होतो.

त्या रात्री तो ४८ मार्कांचा शेरा आठवला. ठरवणार कोण.

चौदा पानं परत काढली आणि या वेळी नीट वाचली. तर त्यातली जेमतेम तीन पानं थंडीबद्दल आहेत. बाकी अकरा पानं आहेत, पहाटे कोर्स बघायला कोण जाणार, किती वाजता, निर्णय एकाच माणसाचा, कळवायचं कधी, टी-टाइम (खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळा) रद्द न करता पुढे कसे सरकवायचे, आणि कॅप्टन असला तरी तो निर्णय कोणी फिरवायचा नाही. फ्रॉस्टच्या जागी चिखल लिहा, सगळं तसंच लागू होतं. मी एका पानात मराठीत उतरवलं: पाच वाजता मामा बघणार, सव्वापाचला मी सही करणार, साडेपाचच्या आत ग्रुपवर मेसेज, तीनच प्रकार, सगळं चालू, फक्त पायी, किंवा बंद, आणि बंद असेल तर दर अर्ध्या तासाने परत बघणार. कमिटीने पास केलं, एक जण कुरकुरला. ऑगस्टमध्ये एका शनिवारी नऊ वाजेपर्यंत बंद ठेवलं, एरवी तीस-चाळीस फोन येतात, त्या दिवशी चार आले. मामांना सहीचा अधिकार पण द्यायचा होता, तो कमिटीने नाही दिला. जो माणूस सांगू शकतो की आज नको, त्याचीच सही नाही. तो विषय वेगळा.

हँडिकॅपिंगचं मॉड्यूल मात्र पहिल्यापासून आवडलं. २०२० पासून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आली तरी आमच्याकडे निम्म्या मेंबरांना अजून वाटतं हँडिकॅप (खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) म्हणजे एकच आकडा, कुठेही न्या. एक रिटायर्ड ब्रिगेडियर साहेब काउंटरवर येऊन म्हणाले, माझा इंडेक्स (मूळ हँडिकॅप) १८ आहे, बोर्डावर १९ का लावलाय, स्कोअरकार्डवर एक स्ट्रोक फुकट घेतल्यासारखं दिसतं. मी कागदावर मांडून दाखवलं: १८ गुणिले स्लोप (आमचा कोर्स किती अवघड त्याचा आकडा) १२५, भागिले ११३ (प्रमाण कोर्सचा स्लोप), झाले १९.९, त्यात कोर्स रेटिंग (कसलेल्या खेळाडूला लागणारे फटके) ७०.४ वजा पार (कोर्सचे ठरलेले फटके) ७१ मिळवा, म्हणजे ०.६ कमी, आले १९.३, म्हणून १९. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. पुढच्या आठवड्यात तेच दुसऱ्यांना समजावत होते, माझ्याच अक्षरातला कागद दाखवून.

बाकी पटकन. बारचं मॉड्यूल आपल्यासाठी शून्य, तिथला कायदा आहे सगळा. आपल्याकडे क्लबचं दारूचं एफएल-४ लायसन्स, परमिट, ड्राय डे, एक्साइजची रजिस्टरं, हे ज्याने एकदा केलंय त्यालाच विचारा. कॅडींवर (खेळाडूंची बॅग उचलणारे) अर्धं पान, कारण तिकडे बहुतेक लोक ट्रॉली ओढतात. आमच्याकडे शंभराच्या वर कॅडी आणि त्यांची पाळी, पैसे, भांडणं, आजारपणं हे माझं रोजचं निम्मं काम. गोल्फर एसएसपी चौरासिया कोलकात्यात ग्रीनकीपरच्या (मैदान राखणाऱ्याच्या) घरात वाढून युरोपियन टूरवरच्या स्पर्धा जिंकला, या देशात गोल्फ कुठून वर येतो हे त्या पुस्तकाला माहितीच नाही. फायनान्स ठीक, एक्सेलची टेम्प्लेट्स मात्र खरंच कामाची, पहिल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा, मुदतीचं काही खरं नाही.

घ्यावा का? क्लब निम्मे पैसे देत असेल तर घ्या. स्वतःच्या खिशातून पूर्ण भरणार असाल तर आधी एक पावसाळा कोर्सवर काढा, हेड माळ्याबरोबर पहाटे फिरा, मग ठरवा. फ्रेशर असाल तर नकोच, या कागदावर नोकरी मिळत नाही, कमिटीतले लोक आधी विचारतात कुठे काम केलंय.

अपडेट: आज आठवा मेल आला. सद्भावना म्हणून १४ दिवस वाढवून दिलेत. माझेच दिवस, सद्भावना त्यांची. पण घेतले. शेवटची असाइनमेंट मान्सूनवर लिहितोय, परीक्षक तोच असेल तर बरं. ते ४० पौंड मात्र मी आजही मागणार आहे.

छापील बाइंडर कोणाला हवा असेल तर सांगा, अर्ध्या किमतीत देतो, कुरिअर तुमचं. फ्रॉस्टची चौदा पानं त्यात नसतील, ती स्टार्टरच्या खोलीत भिंतीला लावलीत.