साइट डिलीट केली, तरी अकरा हजार गेले

दापोली तालुक्यात आमचा चार खोल्यांचा छोटा होमस्टे आहे. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, जून ते ऑगस्ट खात्यात येणं कमी आणि जाणं जास्त, कौलं चाळायची, मुलाची कॉलेजची फी भरायची. नेमकं त्यातच २०२४ च्या १९ जूनला सकाळी मेसेज आला, डेबिट कार्डावरून ११,०८६ रुपये १० पैसे गेले. ओटीपी नाही, फोन नाही. मला वाटलं कार्डच कोणीतरी कॉपी केलं. बँकेत फोन लावला तर तिथली मुलगी म्हणते, "सर, परवानगी तुम्हीच दिलेली आहे, आणि मेसेज पण गेलाय आधी."

शोधला तर होता मेसेज. आदल्या दोन दिवसांत आमच्याकडे लाइटचा पत्ता नव्हता, रेंज आली की धडाधड पन्नास मेसेज येऊन पडायचे, त्यात हा. आणि वाचला असता तरी डोक्यात प्रकाश पडला नसता, कारण नाव होतं कसल्याशा टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेडचं. आपण ज्या नावाने त्या वेबसाइटवाल्या कंपनीला ओळखतो, जाहिरातीत बघतो, ते नाव त्यात कुठेच नाही.

तर झालं होतं असं. २०२३ च्या जुलैत भाच्याने पुण्याहून येऊन होमस्टेची साइट करून दिली. "मामा, १४९ रुपये महिना, डॉट कॉम एक वर्ष फुकट." म्हटलं घे. वर्षाचे मिळून जीएसटीसकट २,१०९ रुपये ८४ पैसे भरले, कार्ड माझं, ओटीपी मीच सांगितला. त्या एका ओटीपीत पुढच्या सगळ्या वर्षांची परवानगी जाते हे मला कोणी सांगितलं नाही, भाच्यालाही माहीत नव्हतं. साइटवरून वर्षभरात दोन चौकश्या आल्या, त्यातली एक पत्रे विकणाऱ्याची. सगळं बुकिंग व्हॉट्सॲपवरच होतं, म्हणून मार्चमध्ये भाच्याला म्हटलं बंद करून टाक बाबा. त्याने साइट डिलीट केली. आम्हाला दोघांना वाटलं संपलं.

साइट डिलीट केली म्हणजे प्लॅन बंद होत नाही, हे लक्षात ठेवा. घर रिकामं केलं पण भाडं चालूच, तसला प्रकार. होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचं, बटण वेगळं, डोमेनचं, म्हणजे डॉट कॉमच्या नावाचं, वेगळं, बॅकअपचं, म्हणजे साइटच्या जादा प्रतीचं, वेगळं. बिल उघडलं तेव्हा कळलं, १४९ चे आता ४९९ महिना झालेत, म्हणजे वर्षाचे ७,०६५ रुपये ८४ पैसे. फुकटचं डॉट कॉम १,७६८ रुपये ८२ पैशांना. आणि वर बॅकअप २,२५१ रुपये ४४ पैसे, जो आम्ही मागितलाच नव्हता, खरेदी करताना तिथे आधीच टिक केलेली असते आणि पहिलं वर्ष शून्य रुपये दिसतं म्हणून कोण काढतंय.

ओटीपी का आला नाही तेही भाच्याने शोधलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं, पण रक्कम १५,००० च्या आत असली तर दरवेळी ओटीपी लागत नाही. आधी ही मर्यादा ५,००० होती, २०२२ च्या जूनमध्ये वाढवली. सोयीसाठीच वाढवली असणार, पण सोय कोणाची झाली ते माझ्या पासबुकात दिसतंय.

मग कंपनीशी चॅट. आधी यंत्र बोलतं, मग माणूस येतो, तो पण यंत्रासारखाच बोलतो. म्हणे ३० दिवसांत पैसे परत फक्त नवीन खरेदीला, रिन्यूअलला नाही. रद्द करायला गेलं की "पुढच्या वर्षी ५० टक्के सूट देऊ", पुन्हा रद्द म्हटलं की कारण विचारणार, पुन्हा सूट. भाच्याने एक काम चांगलं केलं, व्हूइजवर, म्हणजे डोमेनची मुदत कधी संपते ते दाखवणाऱ्या नोंदीत, डोमेन तपासलं. पैसे १९ जूनला घेतले, मुदत संपणार ४ जुलैला, आणि २१ तारखेला सुद्धा तिथे जुनीच तारीख. म्हणजे पैसे कापून घेतले पण डोमेन वाढवलंच नव्हतं अजून! त्याचा स्क्रीनशॉट काढून मेल केला, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. तक्रारीत दोन शब्द मुद्दाम घातले, सबस्क्रिप्शन ट्रॅप, म्हणजे रद्द करणं अवघड करून ठेवणं, आणि बास्केट स्नीकिंग, म्हणजे न मागितलेलं बिलात घुसवणं. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला ऑनलाइन चकवायच्या युक्त्यांच्या, ज्या १३ प्रकारांवर बंदी घातली त्यात हे दोन्ही आहेत. तोपर्यंत "सर, पॉलिसी अशी आहे" म्हणणारे पुढच्या उत्तरात "सर, केस वर पाठवली आहे" म्हणायला लागले.

तीन आठवड्यांनी होस्टिंग आणि बॅकअपचे पैसे आले. डोमेनचे नाही दिले, जाऊ दे म्हटलं, तोपर्यंत ते खरंच रिन्यू झालं होतं.

दरम्यान बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या भागात ई-मँडेट म्हणून असतं तिथे जाऊन ती परवानगी रद्द केली. तुम्हीही आत्ता उघडून बघा, माझ्याकडे त्यात एक बंद पडलेला क्लास पण निघाला. पण ज्यांची साइट चालू आहे त्यांनी घाईत हे करू नका, आधी बॅकअप उतरवून घ्या, डोमेनचा ट्रान्सफर कोड घ्या, दुसरीकडे न्या आणि मग मँडेट तोडा, नाहीतर पैसे वाचतील आणि डोमेन जाईल.

एक कोडं मात्र सुटत नव्हतं, कंपनी म्हणत होती आम्ही रिन्यूअलचे तीन मेल पाठवले, आणि माझ्या जीमेलला एकही नाही. जुलैच्या शेवटी भाच्याचा फोन. "मामा, ते मेल साइटच्या नावाने काढलेल्या मेलबॉक्समध्ये गेलेत, आपण तो कधी उघडलाच नाही." म्हटलं तो तर एक महिना फुकट होता ना? जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "हो, पण त्याला माझं यूपीआय लावलं होतं. दर महिन्याला १४० रुपये जातायत, बारा हप्ते झाले. मला वाटायचं सिनेमाच्या ॲपचे असतील."