छोटे शैक्षणिक व्हिडिओ: कोणत्या विषयाला कोणते घ्यावेत?

जून महिना आला की शिक्षकांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. लोकवर्गणीतून वर्गात टीव्ही आला, नेटही बऱ्यापैकी चालतं, आता त्यावर दाखवायचं काय? उत्तरादाखल लिंकांचा पाऊस पडतो आणि गोंधळ आणखी वाढतो. पालकांचंही तेच. मोबाइल मुलाच्या हातात जाणारच आहे, तर निदान त्यात काय उघडून द्यावं?

माझं मत आधीच सांगते. सगळ्या विषयांना पुरेल असा एकच स्रोत नाही, आणि तो शोधण्यात वेळ घालवू नये. व्हिडिओ किती देखणा आहे यावर निवड करू नका. तो थांबवल्यावर मूल स्वतः काय करणार आहे, हे पाहून निवडा. या एका कसोटीवर सरकारचं दीक्षा ॲप, खान अकादमी, अरविंद गुप्तांचे खेळण्यांचे व्हिडिओ, आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल, विकत मिळणारे संच आणि आपण स्वतः मोबाइलवर केलेले व्हिडिओ हे सगळे पर्याय घासून पाहू.

थोडं लांबीबद्दल. 2014 मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरच्या सुमारे 69 लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात, असं त्यात दिसलं. हाताने लिहीत, चित्र काढत समजावलेलं नुसत्या स्लाइडपेक्षा जास्त पाहिलं गेलं. वर्गातल्या लांब व्याख्यानाचे तुकडे पाडून केलेले व्हिडिओ मात्र मुद्दाम छोट्या रूपात बनवलेल्यांइतके लोकांना धरून ठेवू शकले नाहीत. म्हणजे तासाभराचं रेकॉर्डिंग कापून ‘शॉर्ट व्हिडिओ’ म्हणून खपवलेलं दिसलं, तर ते सोडून द्यायला हरकत नाही. पण हा अभ्यास पाहण्याचा होता, शिकण्याचा नव्हता, आणि त्या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते पुढे येईलच.

गणित: दीक्षा की खान अकादमी?

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षावर त्या पाठाचं साहित्य उघडतं. दीक्षा 2017 मध्ये सुरू झालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याची कल्पना त्याआधीच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी वापरून दाखवली होती. 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा या कामाची जगभर दखल घेतली गेली. दीक्षाचा मोठा फायदा असा की पाठ तोच, भाषा तीच आणि गणितातले शब्दही पुस्तकातलेच. हिंदी व्हिडिओ लावल्यावर निम्मा वेळ शब्द जुळवण्यात जातो, तो इथे वाचतो. साहित्य आधी डाउनलोड करून नेटशिवायही दाखवता येतं. अडचण दर्जाची आहे. एक व्हिडिओ अप्रतिम असतो, तर पुढच्यात चित्रावर धडा वाचून दाखवलेला असतो. आदल्या दिवशी स्वतः पाहिल्याशिवाय वर्गात लावू नका.

खान अकादमीची सुरुवात घरगुती शिकवणीतून झाली. सलमान खान (नट नव्हे, अमेरिकेतले शिक्षक) 2004 पासून आपल्या नात्यातल्या एका मुलीला दुरून गणित शिकवत होते. 2006 मध्ये त्यांनी यूट्यूबवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली आणि 2008 मध्ये ना-नफा संस्था स्थापन केली. काळा पडदा, रंगीत अक्षर, शिकवणाऱ्याचा चेहरा कुठेच नाही. पण माझ्या मते खान अकादमीची खरी ताकद व्हिडिओत नाहीच. ती त्याला जोडलेल्या सरावात आहे. मूल गणित सोडवतं, अडलं की एकेक पायरीचा इशारा मिळतो, आणि जमेपर्यंत त्याच प्रकारचे नवे प्रश्न येत राहतात. हा भाग सोडून नुसते व्हिडिओ पाहायचे असतील, तर खान अकादमी घेऊन विशेष काही साधत नाही. तुमच्या इयत्तेचं, तुमच्या माध्यमातलं साहित्य किती आहे तेही आधी उघडून पाहा.

तेव्हा घरी, किंवा प्रत्येक मुलाला थोडा वेळ का होईना स्वतंत्र टॅब मिळत असेल तिथे, गणितासाठी खान अकादमी. चाळीस मुलं आणि एक टीव्ही असेल तर दीक्षा, तेही थांबवत थांबवत.

थांबवायचं म्हणजे नेमकं कसं, ते अपूर्णांकांच्या बेरजेवर दाखवते. पडद्यावर 1/2 + 1/3 आलं की पॉज करा. उत्तर पाटीवर लिहायला सांगा. बऱ्याच पाट्यांवर 2/5 दिसेल: वरचे अंक मिळवले, खालचे मिळवले. लगेच चूक म्हणू नका. विचारा, अर्धी भाकरी आणि 2/5 भाकरी, यातली मोठी कुठली? पाच भागांतले दोन म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी, हे मुलांना चटकन कळतं. मग अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसं आलं? वर्गात गलका होतो. आता व्हिडिओ पुढे चालू करा. समान छेद का करायचा, हे ऐकायला मुलं त्या क्षणी जितकी तयार असतात तितकी एरवी कधीच नसतात.

या पद्धतीला संशोधनाचा आधार आहे. डेरेक मुलर यांनी (पुढे ‘व्हेरिटासियम’ हे यूट्यूब चॅनल काढणारे) सिडनी विद्यापीठातल्या आपल्या पीएचडीत, 2008 मध्ये, भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंची तुलना केली. एका प्रकारात संकल्पना थेट, सोपी करून सांगितली होती. विद्यार्थ्यांना ती छान, स्पष्ट वाटली, पण नंतरच्या चाचणीत गुण जवळजवळ वाढलेच नाहीत. दुसऱ्या प्रकारात मुलांच्या नेहमीच्या चुकीच्या समजुती आधी बोलून दाखवून मग खोडल्या होत्या. ते पाहताना डोक्याला ताण पडला, गोंधळल्यासारखं झालं, आणि शिकणं मात्र तिथे जास्त झालं. ‘किती सोपं करून सांगितलंय!’ अशी दाद मिळवणारा व्हिडिओ म्हणूनच मी जरा सावधपणे घेते.

विज्ञान: इथे माझी निवड ठाम आहे

अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, 2018 चे पद्मश्री, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे शेकडो व्हिडिओ देणारा माणूस. बहुतेक व्हिडिओ एक-दोन मिनिटांचे, कितीतरी मराठीत आहेत, आणि सगळं मोफत. साहित्य गावातल्या किराणा दुकानात किंवा सायकलच्या दुकानात मिळण्यासारखं.

त्यांची साधी मोटर घ्या. एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा कापलेला रबर, एक चुंबक आणि इनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार. तारेचं वेटोळं करायचं, दोन्ही टोकं पिनांच्या छिद्रांत बसवायची, हलकासा धक्का द्यायचा. व्हिडिओत ते भिंगरीसारखं फिरतं. वर्गात मात्र पहिल्या झटक्यात निम्म्या गटांचं वेटोळं नुसतं डुलतं, कारण मुलांनी टोकांवरचा लेप सगळ्या बाजूंनी खरवडलेला असतो. व्हिडिओत तीन बाजू खरवडायला सांगितलंय, चौथी तशीच ठेवायची. का? चारही बाजू मोकळ्या असल्या तर अर्धा फेरा झाल्यावर चुंबकाचा जोर उलटा लागतो आणि वेटोळं मागे ढकललं जातं. एका बाजूला लेप असला की तेवढ्यापुरता प्रवाह तुटतो, वेटोळं आपल्या गतीने पुढे जातं आणि पुन्हा धक्का मिळतो. दोन मिनिटांच्या व्हिडिओतून पुढचा सगळा तास उभा राहतो. खरवडलेली तार पुन्हा पाहायची, व्हिडिओ मागे न्यायचा, पुन्हा करायचं.

मग विज्ञानाला दीक्षा किंवा खान अकादमी नकोच का? हाताने करता येत नाही तिथे जरूर घ्या. हृदयाचे कप्पे, ग्रहणं, पेशींचं विभाजन यांना चांगलं ॲनिमेशन हवंच. पण लिंबू, साबण आणि हळदीचा कागद हाताशी असताना आम्ल-आम्लारी पडद्यावर दाखवू नका.

संगणक: स्पोकन ट्युटोरियल

आठवीच्या पुढच्या मुलांना, आयटीआय किंवा कॉलेजात जाणाऱ्यांना आणि शिक्षकांनाही हा पर्याय फारसा माहीत नसतो, याचं मला वाईट वाटतं. आयआयटी मुंबईतल्या प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने झालेलं हे काम आहे. लिबरऑफिस, पायथन, लिनक्स, इंकस्केप अशी मुक्त सॉफ्टवेअर यात शिकवतात. एक धडा साधारण दहा मिनिटांचा. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. आवाज सांगेल तेवढं करायचं, थांबवायचं, जुळलं का पाहायचं. पडद्यावरचे मेनू इंग्रजीतच राहतात आणि समजावणारा आवाज मराठीत मिळतो. पुढे नोकरीत इंग्रजी मेनूच समोर येणार आहेत, म्हणून हा निर्णय मला पटतो. धड्याचा मसुदा नवशिक्याकडून तपासून घेण्याची त्यांची पद्धतही आहे, आणि ती धड्यात जाणवते: पायऱ्या गाळलेल्या नसतात. दिसायला साधं आहे. चकाचक यूट्यूब चॅनलशी तुलना करून नाकं मुरडू नका.

भाषा, इतिहास, कला

भाषेला व्हिडिओ कमीत कमी वापरावा असं मी म्हणेन. कविता शिक्षकाच्या तोंडूनच ऐकावी. इंग्रजी उच्चारांसाठी मात्र छोटी क्लिप उपयोगी पडते, लगेच मागोमाग म्हणवून घेतलं तर. इतिहासात नकाशा हलताना दाखवणारे व्हिडिओ शोधा, नाट्यरूपांतर नको. चित्रकला, ओरिगामी, लेझीम यांना वरून किंवा समोरून स्थिर कॅमेरा आणि हळू गती हवी, बाकी काही पाहायला नको.

विकतचे संच आणि आपले स्वतःचे व्हिडिओ

‘संपूर्ण अभ्यासक्रम ॲनिमेशनमध्ये’ असा पेन ड्राइव्ह घेऊन विक्रेते शाळेत येतात. घेण्याआधी तुमच्या वर्गाला अवघड जाणारा एकच घटक उघडून दाखवायला सांगा. पाच मिनिटांत मुलाला एकदाही प्रश्न विचारला गेला नाही, काही करायला सांगितलं नाही, तर तो वाचून दाखवलेला धडाच आहे. आणि नवा अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येत असताना पुढच्या वर्षीचं काय, हे लेखी विचारून घ्या. लोकवर्गणीचा पैसा आहे.

त्याच पैशात मोबाइलचा एक स्टँड आणि साधा कॉलर माइक येतो. डिजिटल ग्रीनचा अनुभव इथे आठवतो. 2006 मध्ये बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात शेतीचे छोटे व्हिडिओ गावातल्याच शेतकऱ्यांना घेऊन केले जात. पाहणाऱ्यांना आपल्यासारखाच माणूस पडद्यावर हवा होता. आणि गावातलाच एक जण व्हिडिओ थांबवत प्रश्न विचारायचा, हाही पद्धतीचा ठरलेला भाग होता. शाळेतही हेच लागू पडतं. तुमचा आवाज, तुमच्या भागातली बोली, आणि तुमच्या मुलांची नेमकी अडलेली जागा.

फार काही लागत नाही. खिडकीजवळचा उजेड, मोबाइल वरून खाली रोखलेला, कागद आणि पेन. चेहरा दाखवायची गरज नाही. एका व्हिडिओत एकच अडचण, तीन-चार मिनिटं, आणि मध्ये एकदा ‘आता थांबव आणि वहीत कर’ असं स्पष्ट सांगणं. सगळा अभ्यासक्रम रेकॉर्ड करायच्या भरीस पडू नका. दरवर्षी ज्या चार-पाच जागी वर्ग अडतो, तेवढ्याच करा. बाकीचं दीक्षावर आहेच. भागाकारात मधला शून्य, हातच्याची वजाबाकी, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी: आपल्या जागा आपल्याला माहीत असतात. चुकलेली वहीच कॅमेऱ्याखाली ठेवा, अर्थात मुलाचं नाव झाकून, आणि चूक कुठून सुरू झाली तिथपासून बोला.