भर पावसात इपॉक्सी: ९५,८०० रुपये मोजून घेतलेले फोड

पावसाळ्यात ‘सवलतीच्या दरात इपॉक्सी करून देतो’ म्हणत ठेकेदार दारात उभा राहिला, तर रंगाचं कार्ड नंतर बघा. (इपॉक्सी म्हणजे हार्डनर मिसळून फरशीवर पसरायचा आणि कडक होणारा रेझिनचा थर.) आधी विचारा, माल किती किलो येणार? उत्तर कागदावर सही करून दिलं नाही तर त्याला तिथूनच परत पाठवा.

सिंधुदुर्गात आमचं काजूचं छोटं युनिट आहे. पॅकिंग आणि ग्रेडिंगच्या खोल्या मिळून १,८०० चौरस फूट. खाली जांभ्याचा भराव आणि त्यावर घोटून गुळगुळीत केलेला जुना कोबा. परवान्याच्या तपासणीत फरशी धुता येण्यासारखी आणि पाणी न शोषणारी करा असं लेखी आलं होतं, मुदतही पावसातलीच. हौस म्हणून काम काढलं नव्हतं. ठरलं ते असं: डायमंड ग्राइंडिंग (मशीनने कोबा घासून खरखरीत करणं), त्यावर प्रायमर (कोब्याला धरून ठेवणारा पहिला पातळ थर), त्यावर २ मिमी सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट होणारं इपॉक्सी. दर ६२ रुपये चौरस फूट, एकूण १,११,६०० रुपये. ऑर्डरबरोबर ५५,८०० गेले, माल उतरल्यावर ४०,००० गेले. उरलेले १५,८०० आम्ही रोखून धरले, आणि तेवढ्यावरून हा ठेकेदार चार ठिकाणी आम्हालाच बुडवे म्हणत फिरतो. दसऱ्याच्या आत फोड आले. दिवाळीत फरशीचे पापुद्रे हाताने निघत होते.

सगळ्यात जास्त संताप येतो तो त्याच्याच कोटेशनवर. दुसऱ्या पानावर तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं, जादा माल लागल्यास २४० रुपये किलो. आता हिशोब बघा. १,८०० चौरस फूट म्हणजे साधारण १६७ चौरस मीटर. २ मिमी जाडीला दर चौरस मीटरला २ लिटर माल लागतो. सेल्फ-लेव्हलिंग इपॉक्सीचं वजन लिटरला साधारण दीड किलो असतं, म्हणजे चौरस मीटरला ३ किलो, एकूण ५०० किलो. त्याच्याच दराने नुसत्या मालाचे १,२०,००० रुपये झाले. आणि पूर्ण काम, मजुरी, मशीन, प्रवास धरून १,११,६०० मध्ये! खोटेपणा त्या कागदावर छापून आला होता. तो कागद आमच्या टेबलावर होता, त्यावर आमची सही आहे. पण काजूच्या धंद्यातल्या माणसाने इपॉक्सीचं विशिष्ट गुरुत्व पाठ करून ठेवावं, अशी अपेक्षा कोणी करू नये. ज्याला ते पाठ आहे त्यानेच त्याचा फायदा घेतला.

टेम्पोतून उतरले इपॉक्सीचे २० किलोचे ७ संच (रेझिन आणि हार्डनर मिळून) आणि १५ किलो प्रायमर. १४० किलो भागिले १६७ म्हणजे चौरस मीटरला ०.८४ किलो. जाडी फार तर अर्धा मिमी. पुढे निघालेला पापुद्रा जाडी मोजायच्या व्हर्नियरमध्ये धरला तेव्हा तेवढीच भरली. प्रायमरचंही तेच. जुना कोबा प्रायमर पितो, चौरस मीटरला पाव किलो धरलं तरी ४० किलोच्या वर लागतो. १५ किलोमध्ये १६७ चौरस मीटर ओढलं याचा अर्थ त्यात थिनर होता. माल उतरताना डबे मोजा, प्रत्येक डब्याच्या बॅच नंबरचा फोटो काढा, आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत आवाराबाहेर जाऊ देऊ नका. आमचे रिकामे डबे त्यांनीच ‘साफसफाई’ म्हणून त्याच संध्याकाळी नेले.

आता ग्राइंडिंग. ते झालंच नाही. मशीन आणलं, एका कोपऱ्यात फिरवलं, ‘कटर झिजलेत’ म्हणून बाजूला ठेवलं, आणि कॅनमधून हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतलं. कोब्यावर फेस आला की सांगतात, बघा, पृष्ठभाग उघडतोय. घोटलेल्या कोब्यावर सिमेंटची एक दाट, कमकुवत साय असते, साइटवर तिला लेटन्स म्हणतात. घोटाई जितकी गुळगुळीत तितकी ती साय घट्ट, आणि ॲसिड ती सगळीकडे सारखी खात नाही. कुठे खड्डे पडतात, कुठे साय जशीच्या तशी राहते. शिवाय ॲसिड तेलाला काही करत नाही. काजूच्या युनिटमध्ये टरफलाचं तेल जमिनीत मुरलेलं असतंच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ॲसिड धुवायला पाइप लावून ओतलेलं पाणी. आधीच ओल धरून बसलेल्या कोब्याला भर पावसात तुम्ही अजून पाणी पाजलंत, वर क्लोराइडचे क्षारही मागे ठेवलेत. पातळ रोलर कोटला हलकं ग्राइंडिंग पुरतं, पण २ मिमी थराला जमीन बोटाला बारीक सँडपेपरसारखी खरखरीत लागली पाहिजे. आणि ती धूळ व्हॅक्यूमनेच उचलायची, झाडूने नाही.

ग्राइंडिंग झाल्यावर पाण्याचे थेंब टाकून बघा. मिनिटभरात शोषले गेले तर ठीक. मोत्यासारखे वर उभे राहिले तर खाली तेल आहे नाहीतर जुनं सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा लेप. तेलाला अल्कलाइन डीग्रीझर (तेल काढणारं द्रावण), घासाई, पुन्हा ग्राइंडिंग. तेल खोल गेलं असेल तर तेवढा कोबा फोडून नवा टाकणं, दुसरा उपाय नाही.

ओलीबाबत जे केलं ती तर उघड लबाडी. जोत्यात कोब्याखाली २५० मायक्रॉनची प्लास्टिक शीट नसेल, आणि कोकणातल्या जुन्या बांधकामात ती सहसा नसते, तर जांभ्याच्या भरावातून पावसाळाभर ओल वर येत राहते. कडेच्या भिंतीला लोणा फुटलेला दिसत असेल तर वेगळा पुरावा नको. या लोकांनी गॅसचा बर्नर जमिनीवर फिरवला, वरचा पातळ थर सुकवला, आणि लगेच ओल मोजायचं दोन सुयांचं मीटर टेकवून ३.८ दाखवलं. ४ टक्क्यांच्या आत, म्हणजे पास. ते मीटर लाकडासाठी बनवलेलं होतं, ते काँक्रीटचा आकडा देतच नाही. आणि सुया टेकतात त्या वरच्या काही मिलिमीटरलाच, जो भाग नुकताच भाजलेला. खालची ओल रात्रीत पुन्हा वर येते.

प्लास्टिकची चाचणीही ‘केली’. दुपारी चिकटवलं, चहा झाल्यावर काढलं. ही चाचणी अशी करतात: १८ इंच बाय १८ इंच जाड पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने पूर्ण बंद करायचं आणि किमान १६ तास ठेवायचं. भिंतीजवळ, मध्ये, आणि जिथे पाणी सांडतं तिथे, अशा तीन-चार जागी. उचलल्यावर प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब किंवा कोबा काळपट झालेला दिसला तर ओल जमिनीतून येते आहे. थेंब फक्त वरच्या बाजूला असतील तर ते हवेतलं दव. चाचणी कोरडी निघाली म्हणजे सगळं ठीक असंही नाही. काँक्रीटमध्ये भोक पाडून आतली सापेक्ष आर्द्रता मोजणारा प्रोब जास्त विश्वासाचा. एकाच बाजूने सुकणाऱ्या जमिनीत तो जाडीच्या ४० टक्के खोलीवर बसवतात. इथे आर्द्रतेची मर्यादा किती ते मालाच्या डेटा शीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात बघा, ठेकेदाराच्या तोंडून ऐकू नका.

आणि दव. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) किमान ३ अंशांनी जास्त हवं, हा नियम इपॉक्सीच्या जवळपास प्रत्येक डेटा शीटवर असतो. पावसात आपल्याकडे हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरा. दवबिंदू साधारण २६ येतो, म्हणजे जमीन २९ च्या वर हवी. तळमजल्याची जमीन हवेपेक्षाही गार असते, तेव्हा हे नैसर्गिकरीत्या जमतच नाही. पंखे लावून दारं उघडी ठेवली की बाहेरची दमट हवाच आत येते. दारं बंद करून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) चालवावा लागतो, नाहीतर काम सरळ जानेवारी ते मे या काळात करायचं. त्यांनी पंखे लावले. पहिल्या कोटवर पांढरट चिकट थर आला. हार्डनरमधल्या अमाइनची हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी प्रक्रिया होऊन तो येतो. तो कोमट पाणी आणि साबणाने धुऊन, सुकवून मगच पुढचा कोट घ्यायचा. इथे फडका फिरवला आणि दुसरा कोट ओढला.

पापुद्रा निघाला तर तो उलटा करून बघा, तोच पंचनामा आहे. मागच्या बाजूला राखाडी भुकटी चिकटलेली असेल तर साय काढलीच नव्हती, म्हणजे ग्राइंडिंगचे पैसे खाल्ले. मागची बाजू स्वच्छ चकचकीत असेल तर तेल किंवा ओलीवर कोट मारला. काँक्रीटचा जाड तुकडा सोबत आला तर कोबाच कच्चा. आमच्याकडे पॅकिंगच्या खोलीत सगळीकडे राखाडी भुकटी. फोड टाचणीने फोडले तर पिवळसर चिकट पाणी आलं, त्याने लाल लिटमस निळा झाला. काँक्रीटमधली अल्कली घेऊन वर आलेली ओल ती हीच.

एवढं सगळं हातात घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. उत्तर: हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. कोटेशनवर छापलेला जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली दिसते. ती आमच्या ऑर्डरच्या आधीच रद्द झालेली. म्हणजे पहिल्या दिवसापासून खोटी ओळख दाखवून पैसे घेतले. यात फसवणुकीचा हेतू दिसत नसेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? समोरच्या अंमलदाराने कागद उलटसुलट केले आणि ‘समजुतीने मिटवा’ म्हणून परत दिले. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर सांगितलं, काम व्यावसायिक जागेतलं आहे, तुम्ही ग्राहक ठरणार नाही. माल ज्या कंपनीचा होता तिच्या प्रतिनिधीने फोनवर एकच वाक्य ऐकवलं, हा आमचा अधिकृत ॲप्लिकेटर (माल लावून देणारा ठेकेदार) नाही. मग त्याला तुमचे डबे मिळाले कसे, यावर फोन ठेवला. तीन दारं, तिन्ही ठिकाणी आमचीच उलटतपासणी: आधी चौकशी का केली नाही, पक्कं बिल का घेतलं नाही, पैसे का दिलेत. ज्याने पैसे नेले त्याला एक फोन कोणी केला नाही. छोट्या युनिटवाल्याचे ९५,८०० रुपये म्हणजे या मंडळींच्या लेखी गुन्हाच नाही.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर गप्प बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवता येते, तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आम्ही तो मार्ग धरला आहे. घरातल्या गॅरेजची किंवा गच्चीची फरशी असेल तर तुम्ही ग्राहकच आहात, दोन वर्षांच्या आत आयोगात जा, हेल्पलाइन १९१५.

दुरुस्तीचा अंदाज आला तो ऐका. उरलेलं इपॉक्सी ग्राइंड करून काढायला २० रुपये फूट, म्हणजे ३६,०००. ओल रोखणारा इपॉक्सी प्रायमर दोन कोट, ४५ रुपये फूट, ८१,०००. वरचा थर वेगळाच. ‘ओलीवर पण चालतं’ म्हणून कोणी साधंच इपॉक्सी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. ओल सहन करणारी असतात ती तीन घटकांची इपॉक्सी-सिमेंट किंवा ४ ते ६ मिमीचं पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीट. गरम पाण्याने धुवायची जागा असेल तर पीयू काँक्रीटच घ्या.

ऑर्डरमध्ये या गोष्टी लिहून घ्या: किलो, जाडी मिमीमध्ये, ग्राइंडिंग झाल्यावर तुम्ही पाहून सही केल्याशिवाय प्रायमर नाही, आणि ३० टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा गेल्यावर. जीएसटी नंबर आगाऊ रक्कम देण्याआधी पोर्टलवर तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. फरशी आधीच उखडली असेल तर पापुद्रे फेकू नका. जागेचा फोटो, तारीख आणि उलट्या बाजूचा फोटो घेऊन पिशवीत बंद करून ठेवा.