जमील, कॉन्स्टंटाइन की तार्कोविच? सिंगापूरच्या दोन सामन्यांआधी ठरवताना

सोलापुरात पार्क चौकातल्या चहावर आमचा सात-आठ जणांचा कट्टा जमतो. हे लिहितोय ते जुलै २०२५ च्या शेवटी, आणि गेला आठवडाभर तिथं एकच वाद चालू आहे. भारतीय फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी १७० अर्ज आले आणि महासंघाच्या तांत्रिक समितीनं त्यातून तीन नावं पुढं काढली: खालिद जमील, स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्तेफान तार्कोविच. १ ऑगस्ट २०२५ ला कार्यकारी समिती बसेल. तुमचं मत अजून डळमळत असेल तर तिघांचा हिशेब शेजारी-शेजारी ठेवून बघा. माझा कौल जमीलला आहे. का, ते पुढं येईलच.

आधी काम काय आहे ते बघू. २०२७ च्या आशियाई चषकासाठी आपल्या गटातून एकच संघ जाणार. त्या गटात आपले दोन सामने झाले आणि गुण मिळाला एक. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी, जूनमध्ये हाँगकाँगमध्ये शेवटच्या क्षणी पेनल्टीवर ०-१ हार. जुलै २०२५ च्या जागतिक क्रमवारीत आपण १३३ वर घसरलोय. ९ ऑक्टोबर २०२५ ला सिंगापूरमध्ये आणि १४ ला घरच्या मैदानावर सिंगापूरशी सामना. त्यात इंडियन सुपर लीगचा पुढचा, २०२५-२६ चा, हंगाम महासंघ आणि आयोजक यांच्यातल्या करारापायी अडकून पडलाय, म्हणजे नव्या कोचला खेळाडू सामन्यात बघायलाच मिळणार नाहीत. हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो, आणि कट्ट्यावर त्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं.

कॉन्स्टंटाइनची बाजू आमच्याकडं जोरात मांडली जाते. "का बे, ज्यानं एकदा शंभराच्या आत नेलं त्यालाच परत आणायला काय हरकत आहे?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. २०१५ मध्ये त्यानं दुसऱ्यांदा संघ हातात घेतला तेव्हा आपण १७० च्याही खाली होतो. जुलै २०१७ मध्ये ९६ वर आलो. पहिल्या खेपेला, २००२ मध्ये, त्यानं व्हिएतनाममध्ये एलजी चषक जिंकून दिला होता. बचावपटू संदेश झिंगनला भारताची जर्सी पहिल्यांदा मिळाली ती त्याच्याच काळात. २०१९ च्या आशियाई चषकात थायलंडला ४-१ हरवलं, ती रात्र मी तरी विसरलेलो नाही. नंतर पाकिस्तानकडे गेला आणि त्यांना विश्वचषक पात्रता फेरीतला पहिलावहिला विजय मिळवून दिला. पडलेला संघ उभा करणं हेच या माणसाचं काम.

पण याच खात्यात दुसरी बाजूही लिहावी लागते. २०१५ मध्ये गुआमकडून आपण हरलो ते त्याच्याच हाताखाली. २०१९ मध्ये बहरीनशी फक्त बरोबरी हवी असताना नव्वद मिनिटं मागं मागं सरकत राहिलो आणि जादा वेळेत पेनल्टी देऊन बाहेर पडलो. २०२२-२३ मध्ये ईस्ट बंगालबरोबरचा त्याचा हंगामही निराशेचाच गेला. शिवाय ज्या पोरांवर त्यानं संघ बांधला ती पिढी आता उताराला लागलीय. त्यामुळं 'ओळखीचा माणूस' म्हणून तो येईल खरा, पण निम्मा संघ त्याला अनोळखी असेल.

तार्कोविचवर फार वेळ घालवत नाही. कागदावर तिघांत सगळ्यात वजनदार नाव त्याचंच. स्लोव्हाकियाला त्यानं युरो २०२० मध्ये नेलं आणि तिथं लेवांडोव्स्कीच्या पोलंडला २-१ हरवलं. त्याच स्पर्धेत स्पेननं त्यांना ५-० हरवलं. पुढं २०२२ मध्ये कझाकस्तानकडून हरल्यावर त्याची नोकरी गेली. आपल्या कामाचा भाग मात्र किर्गिझस्तानचा आहे. २०२४ च्या जानेवारीत कतारमधल्या आशियाई चषकात त्याच्या किर्गिझस्ताननं ओमानशी बरोबरी करून एक गुण मिळवला, आणि आपण तिन्ही सामने हरून एकही गोल न करता परतलो. आशिया त्याला माहीत आहे. चार वर्षांची योजना, वयोगटांपासून बांधणी, असं काही ठरवायचं असतं तर मी त्याचा विचार केला असता. पण इथं हातात दोन महिने आहेत.

आता जमील. मुंबई एफसीतून बाहेर पडावं लागल्यावर तो आयझॉलला गेला. आदल्या हंगामात खालच्या विभागात ढकलला गेलेला आणि नंतर परत घेतलेला तो क्लब. २०१६-१७ मध्ये त्या संघानं आय-लीग, म्हणजे तेव्हाची राष्ट्रीय लीग, जिंकली, मोहन बागानपेक्षा एका गुणानं पुढं राहून. ईशान्य भारतातला राष्ट्रीय लीग जिंकणारा तो पहिला क्लब. पुढं नॉर्थईस्ट युनायटेड हंगामाच्या मध्यात हाती आला, तोही त्यानं प्लेऑफपर्यंत नेला. इंडियन सुपर लीगमध्ये हे करणारा तो पहिला भारतीय कोच. २०२४-२५ च्या हंगामात त्याचं जमशेदपूर या लीगच्या उपांत्य फेरीत पोचलं, घरच्या मैदानावर बागानला २-१ हरवलं, पण कोलकात्यात अखेरच्या क्षणी बाहेर पडलं. सुपर कपच्या अंतिम सामन्यातही ते होते, तिथं एफसी गोवानं तीन गोलांनी हरवलं.

आमच्यातला एक जण पूर्व भागातला, घरी यंत्रमाग. तो म्हणाला, "सूत कसलं आलंय ते बघून ताणा लावायचा. चांगलं सूत येईल म्हणून माग बंद ठेवला तर घर कसं चालणार?" जमीलबद्दल इतकं नेमकं मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. महागडा संघ त्याला फारसा मिळालाच नाही, तरी मिळाला त्यातून निकाल काढला. आणि लीग बंद असताना, कोण उजव्या बाजूला दमतो, कोण कॉर्नरवर माणूस सोडतो, हे त्याला चित्रफिती न बघता माहीत आहे.

त्याच्यावरचा आक्षेप मलाही मान्य आहे. मागं दाट फळी, मग लांब चेंडू, काउंटर अटॅक, सेट पीस (म्हणजे कॉर्नर, फ्री किक). यात गोल कुठून येणार? आपलं दुखणं गोलचंच आहे. चाळिशीतल्या सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं, यातच सगळं आलं. पण या दुखण्याला बाकी दोघांकडं तरी औषध कुठंय? क्लबांत पुढची जागा परदेशी खेळाडू अडवून बसलेत, ते कुठलाही कोच दोन महिन्यांत बदलू शकत नाही. तोवर कॉर्नरवरून आलेला एक गोल आणि स्वच्छ बचाव एवढ्यावरही सिंगापूरला हरवता येतं.

काहींना भारतीय कोच म्हटलं की धाकधूक होते. २०११-१२ मधल्या सावियो मेदेरा यांच्यानंतर जुलै २०२५ पर्यंत तरी या खुर्चीवर कायमचा भारतीय बसलेला नव्हता. आपल्या शेजारच्या हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम शाळामास्तर होते. त्यांच्याच हाताखाली आपण १९५१ आणि १९६२ चं आशियाई सुवर्ण जिंकलं. त्या काळाची आजच्याशी तुलना करत नाही, पण पासपोर्ट बघून घाबरायचं कारण नाही.

एक अट मात्र मी घालेन. आधीचे कोच मानोलो मार्केझ एफसी गोवा हा क्लब आणि देश दोन्हीकडं एकदम होते. तसं जमीलच्या बाबतीत होऊ नये. जमशेदपूर सोडूनच त्यानं इकडं यावं.

दीर्घ मुदतीची बांधणी तुम्हाला पहिली वाटत असेल आणि २०२७ हुकलं तरी चालणार असेल, तर तार्कोविच. खचलेल्या ड्रेसिंग रूमला आधी शिस्त हवी असं वाटत असेल, तर कॉन्स्टंटाइन. ९ आणि १४ ऑक्टोबरला गुण हवे असतील, तर जमील. मला ते गुण हवेत.