उद्यमनगरात करून घेतलेली साउंडची गाडी, आठ महिने वापरून झाल्यावर

पहिल्या दिवशी शूटिंगच्या लोकेशनवर आवाज रेकॉर्ड करायची माझी ढकलगाडी उतरवली, छत्री लावली, ब्रेक दाबले, आणि पाच मिनिटांत दोन लाईटदादा समोर येऊन उभे. "दोन कटिंग द्या." माझा बूमवाला, म्हणजे लांब काठीवर माइक धरणारा, हसून हसून खाली बसला. त्यांची तरी काय चूक, चार चाकं, वर छत्री, खाली ड्रॉवर, बाजूला दोन नळकांडी, लांबून चहाची गाडीच वाटते ती. आता तर युनिटमध्ये नावच पडलंय, "चहावाला साउंड". असो.

तर हा त्या गाडीचा रिव्ह्यू. दोन पिक्चर, एक वेबसिरीज आणि मधेमधे जाहिराती एवढं काम तिच्यावर झालंय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. तीनचार जणांनी फोटो बघून विचारलं पण होतं की कुठनं घेतली, केवढ्याला पडली, चालते का नीट.

या धंद्यात नसलेल्यांसाठी आधी थोडक्यात. सिंक साउंड म्हणजे नट बोलतो तो आवाज तिथंच जागेवर रेकॉर्ड करायचा, नंतर डबिंग नाही. त्यासाठी माझ्याकडं एक रेकॉर्डर, नटांच्या कपड्यांना लावायच्या लेपल माइकचे सहा रिसीव्हर, दोन अँटेना, डायरेक्टरच्या कानात आवाज पाठवायचा ट्रान्समीटर, कॅमेरा आणि आवाज जुळवायचे टाइमकोडचे डबे आणि पोतंभर बॅटऱ्या असतात. हे सगळं एकतर गळ्यात बॅगेत अडकवायचं नाहीतर गाडीवर मांडायचं. मी अकरा वर्षं बॅग अडकवली. आठ-नऊ किलो, बारा तासांची शिफ्ट, मे महिना, जास्त सांगत नाही.

बाहेरच्या कंपन्यांच्या तयार कार्ट, म्हणजे अशाच गाड्या, मी बघितल्यात, पीएससीच्या, इनोव्हेटिवच्या, मुंबईत एकदोघांकडं हाताळल्यात पण. चांगल्या आहेत, वाद नाही. पण एकतर आणायचं भाडं आणि कस्टम धरून किमतीचा आकडा ऐकूनच माणूस गप्प बसतो, आणि दुसरं म्हणजे मला ती जात स्टुडिओच्या गुळगुळीत फ्लोअरसाठी केलेली वाटते. आमचं शूट कुठं असतं? वाड्यात, उसाच्या बांधावर, वाईच्या घाटावर, कोकणात जांभ्याच्या पायऱ्यांवर. तिथं तिचं काय होणार ते दिसतंच आहे.

म्हणून म्हटलं इथंच बनवून घेऊ. कोल्हापुरात राहायचं आणि लोखंडकाम बाहेरनं आणायचं म्हणजे नदीकाठी राहून टँकर मागवण्यातला प्रकार. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांमागं याच गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला, माझी तर नुसती गाडीच होती. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, एका मिस्त्रींचं नाव कळलं. त्यांचं मूळ काम दूध डेअरीचे कॅन ठेवायचे स्टँड आणि उसाच्या ट्रॉलीचे सुटे भाग. मी मोबाईलवर दहाबारा फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बघितले आणि म्हणाले, "सायेब, फोटोवरनं मी तुमाला कपाट करून देतो. गाडी पायजे आसंल तर तुमी काय करतासा त्ये एकदा बघू द्या."

आणि खरंच आले की सेटवर! अर्धा दिवस माझ्या शेजारी स्टुलावर बसून होते, हातात टेप. त्यांचाच मोबाईल एका टेकमध्ये वाजला, ती रिंगटोन अजून माझ्या हार्डडिस्कवर आहे. पण त्या माणसानं काय काय टिपलं बघा. मी बॅटरी घ्यायला दर वेळी डावीकडं वळतो हे मला स्वतःला माहीत नव्हतं, त्यांनी ड्रॉवर डावीकडं घातले. बूमवाला दोन टेकच्या मधे काठी भिंतीला टेकवून ठेवतो आणि कुणीतरी येऊन ती पाडतं, म्हणून त्यांनी दोन इंची पीव्हीसी पाइपला वरून खाच मारून बाजूला दोन नळकांडी बसवली, आत फेल्ट. खर्च म्हणाल तर किरकोळ, पण सगळ्यात जास्त वापर याचाच.

आता मापं. १९ इंची रॅक, म्हणजे मशीनं अडकवायची चौकट, बसवायचा म्हटल्यावर गाडीची रुंदी २१ इंचांच्या खाली आणता येत नाही, आणि जुन्या वाड्यांची आतली दारं कधीकधी २४-२५ इंचांचीच असतात. बरं नुसती रुंदीच नाही, उंबरा! चार-पाच इंच उंच उंबरा हा साउंडच्या गाडीचा खरा वैरी, बाकी कुणी नाही. मी आधी चारी चाकं पाच इंची कॅस्टर, म्हणजे गोल फिरणारी छोटी चाकं, धरून चाललो होतो, मिस्त्रींनी सरळ मोडीत काढलं. मागं १० इंची हवेची चाकं, पुढं ब्रेकवाले फिरते कॅस्टर. उंबरा आला की गाडी फिरवून घ्यायची, मोठी चाकं आधी चढवायची, मग पुढची बाजू उचलायची. दोन माणसांत होतं, एकट्याचं काम नाही. पेव्हर ब्लॉकवर हवा थोडी कमी ठेवली तर गाडी लोण्यासारखी जाते, गच्च हवा भरली की सगळं सामान थरथरतं हे मात्र आपलं आपणच शिकलो. सायकलचा पंप गाडीतच ठेवतो.

फ्रेम ३० बाय ३० एमेमच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलची, म्हणजे खाचा असलेल्या पट्ट्यांची. मिस्त्रींना लोखंडी चौकोनी पाइप वेल्ड करायचा होता, "धा वर्सं काय हुईत न्हाई" म्हणून, पण मला पुढं मागं शेल्फ वरखाली करायचे होते, त्यामुळं खाचेत सरकवून कसता येणाऱ्या टी-नटवरच अडून बसलो. रिकामी गाडी २७ किलो, सामान भरल्यावर साठीच्या आसपास.

खरी मजा डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी झाली. गाडी दिसायला एक नंबर, मिस्त्री खूश, मी म्हटलं थांबा. रेकॉर्डर काढला, बूम गाडीजवळ धरला, हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि त्यांच्या पोराला म्हटलं गाडी ढकल. मिस्त्रींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आयला, ही तर बैलगाडी हाय की!" ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनेल खडखडत होते, वरचा तीन एमेमचा ॲल्युमिनियमचा पत्रा बोट लागलं तरी परातीसारखा वाजत होता, आणि कुठलातरी एक नट असा काही किणकिणत होता की शोधायला अर्धा तास गेला, शेवटी तो छत्रीच्या क्लॅम्पचा निघाला. नुसत्या कानानं यातलं निम्मंसुद्धा ऐकू येत नव्हतं. त्यानंतर तो माणूस हेडफोन सोडेचना. रात्री नऊपर्यंत वर्कशॉपचं शटर अर्धं ओढून आम्ही एकेक जागा दाबून, ठोकून ऐकत होतो. पत्र्याच्या खालून गाडीच्या दाराला लावतात ती डांबरासारखी डॅम्पिंग शीट चिकटवली, वर रबर मॅट, जिथं जमेल तिथं आपोआप सैल न होणारे नायलॉक नट, टी-नटच्या बोल्टांना निळं लोकटाईट, म्हणजे आटे पकडून ठेवणारा गोंद, ड्रॉवरच्या आत फेल्ट. आता गाडी शॉटच्या वेळी शेजारून हलवली तरी चालते, म्हणजे हलवू नये, पण चालते.

इलेक्ट्रिकचं काम मिस्त्रींचं नाही, ते दुसऱ्याकडून करून घेतलं आणि तिथं मी थोडक्यात वाचलो. पॉवरसाठी चार पिनचे एक्सएलआर कनेक्टर लावलेत, त्यात एक नंबरची पिन मायनस आणि चार नंबरची प्लस हे आपल्याकडं पाठ असतं. त्या भल्या माणसानं कनेक्टर मागनं बघून सोल्डर केला आणि आकडे समोरून वाचले, म्हणजे बरोब्बर उलटं. रेकॉर्डर लावायच्या आधी मल्टीमीटर लावायची सवय होती म्हणून, नाहीतर गाडीच्या पाचपट पैशाचा धूर झाला असता. तेव्हा सांगणं एकच, वायरिंग कुणीही करू दे, प्रत्येक कनेक्टर स्वतः मोजा. प्रत्येक लाइनला कारमधला ब्लेड फ्यूज आहे, तो कुठल्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतो, लोकेशनवर उडाला तरी अडत नाही.

बॅटरी १२.८ व्होल्ट ३० अँपिअर अवरची, लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे ३८४ वॅट अवर. माझं सगळं मिळून चाळीसेक वॅट खातं, कागदावर साडेनऊ तास येतात, प्रत्यक्षात आठ धरा. जेवणाच्या सुट्टीत चार्जरला लावली की दिवस निघतो. ही बॅटरी विमानात चालत नाही हे लक्षात ठेवा, शंभर वॅट अवरपर्यंत न विचारता आणि एकशेसाठपर्यंत एअरलाइनला विचारून, त्याच्या पुढं नाहीच. बाहेरगावी विमानानं जायचं असेल तर मी अजून बॅगच नेतो.

आणि एक गंमत, म्हणजे तेव्हा रडू येत होतं. पहिल्या आठवड्यात लेपलची रेंज अचानक मेली. पन्नास-साठ फुटांवरनं छान येणारा आवाज पंधरा फुटांवर तुटायला लागला. अँटेना बदलल्या, केबल बदलल्या, फ्रिक्वेन्सी चारदा स्कॅन केल्या, डायरेक्टर घड्याळ बघतोय. शेवटी बूमवाल्यानं मोबाईल चार्जिंगला लावलेला काढला आणि सगळं लख्ख झालं! हौसेनं बसवलेला स्वस्तातला यूएसबी चार्जर, बारा व्होल्टचे पाच करणारा, तोच रिसीव्हरच्या कानात कचरा ओतत होता आणि बसवला होता पण कुठं तर अँटेनाच्या दांडीच्या बुडाशी. काढून टाकला. आता मोबाईल चार्ज करायला कुणी आलं की पॉवर बँक देतो, गाडीला हात लावू देत नाही.

पावसाचं कव्हर रिक्षाचं हूड शिवणाऱ्याकडून घेतलं. त्यानं समोर हेडफोन आणि फेडरपुरती (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणांपुरती) पारदर्शक खिडकी ठेवली, मागं वेल्क्रोची झडप, केबल जायला खाली दोन भोकं. आजऱ्याच्या बाजूला भर पावसात शूट केलं, टिपूस आत आला नाही. आत घाम मात्र येतो, म्हणून टेक संपला की झडप उघडी ठेवायची.

आता तक्रारी, त्या पण आहेत.

बारा दिवस सांगून एक महिना लागला. मधे गणपती आले हे खरं, पण गणपती काय अचानक येत नाहीत ना. फोन केला की "उद्या या", आणि उद्या गेलं की कुणाचातरी डेअरी स्टँड तातडीचा. माझा एक जाहिरातीचा दिवस त्यात बॅगेवरच गेला.

ड्रॉवरला खटका नव्हता. मी पण विसरलो, त्यांनी पण विचार केला नाही. पन्हाळ्याच्या उतारावर वरचा ड्रॉवर आपोआप उघडला आणि लेपलच्या क्लिपा, टेप, सेल, सगळं रस्त्यावर. चाळीस माणसांच्या युनिटनं वाकून वाकून क्लिपा वेचल्या. नंतर मिस्त्रींनी फुकटात खटके बसवून दिले, पण ते आधीच असायला हवे होते.

अँटेनाची दांडी पूर्ण वर काढली आणि छत्री पण लावली की गाडी डोक्यानं जड होते. वाऱ्यात एकदा एका चाकावर गेली होती, मी धरली म्हणून. आता जड बॅटरी सगळ्यात खालच्या शेल्फवर हलवलीय आणि वारा असला की छत्री वेगळ्या स्टँडवर, त्यावर वाळूची पिशवी. घडी करायच्या पिना पण थोड्या अवघड आहेत, सीट पाडून मारुती इकोत बसते गाडी, पण घडी घालायला सात-आठ मिनिटं जातात आणि पॅकअपला दमलेलं असताना बोट चेमटतं. कोकणात पायऱ्यांच्या लोकेशनवर तर मी ती खालीच ठेवली आणि बॅग अडकवून वर गेलो. चाळीस पायऱ्या साठ किलो कोण नेणार, प्रॉडक्शनला विचारून बघा एकदा काय उत्तर मिळतं ते.

खर्च: फ्रेम, शेल्फ, ड्रॉवर आणि मजुरी मिळून ४१ हजार, चाकं, बॅटरी, वायरिंग, कव्हर धरून एकूण ६८ हजारांच्या आत. वीस हजार आगाऊ द्यावे लागले, बिल नीट मिळालं.

ज्याचं बहुतेक काम लेपलवर आणि एका जागी असतं, मालिका, वेबसिरीज, संवादाचे पिक्चर, त्यानं जरूर करून घ्यावी. पळापळीच्या डॉक्युमेंटरीवाल्यानं या भानगडीत पडू नये, बॅग बरी.

मिस्त्रींकडं जायचं असेल तर मला मेसेज करा, पत्ता देतो, पण त्यांना फोन करू नका, मशीन चालू असताना ते उचलतच नाहीत. सकाळी अकराच्या आत थेट जा. रेकॉर्डर, रिसीव्हर सगळं खरंखुरं सामान घेऊन जा, आणि हेडफोन दोन न्या, कारण एक ते स्वतःच लावून बसतात.